मी एका विमानानं, गोधडी दुसऱ्या

मी हैदराबादेला विमानानं जाऊन आलो. आमच्या टोल्यावरून, म्हणजे आमच्या छोट्याशा वस्तीतून, आजवर असं कोणी गेलं नव्हतं. म्हणून परत आल्यापासून रोज कोणी ना कोणी येऊन बसतो आणि विचारतो, बुढ्या, वरून काय दिसते? शाळेचे मास्तर म्हणाले, एकदा लिहून काढा, न गेलेल्यांना वाचून दाखवता येईल. मी चौथी शिकलेला माणूस. बोलतो तसंच लिहिणार. ऐकायला गोड लागणार नाही असंही यात आहे. ते गाळलं तर नुसतं विमान उरते, आणि विमान तर मुलांच्या पुस्तकातही काढलेलं असते.

आधी जायचं कारण सांगतो. आम्हाला एकच पोरगी, गिरिजा. तिला दिली हैदराबादेत. जवाई नामदेव तिथल्या विमानाच्या अड्ड्यावर मिस्त्री आहे. आमची बुढी, गिरिजेची माय, मार्गशीर्षात गेली. तेव्हा गिरिजेला सहावा सरला होता. पहिलं बाळंतपण माहेरी करतात, पण माय नाही तर माहेर कसलं? बाप भात शिजवून घालेल, बाळंतपण थोडंच करेल? म्हणून ती तिकडेच राहिली.

आमच्याकडे एक रीत आहे. लेकरू जन्मलं की त्याला नव्या कापडात घेत नाहीत. मायच्या मायनं अंगावर वापरलेल्या लुगड्याची गोधडी लागते. कापड जेवढं विटकं तेवढं लेकराला चांगलं. बुढीनं अंथरुणावर पडल्यापडल्या ती शिवली होती. खोकला आला की सुई थांबायची, खोकला गेला की पुन्हा चालायची. मी रागावायचो, "झोप ना आता." ती म्हणायची, "झोपाचंच हाये मंग." जाण्याआधी तिनं माझ्याकडून एकच कबूल करून घेतलं. लेकराच्या आधी गोधडी पोचली पाहिजे.

फाल्गुन लागला आणि नामदेवाचं पत्र आलं, दिवस भरत आले, तुम्ही विमानानं या, नागपूरहून जागेची सोय मी केली आहे. मी निघालो. गोधडी पोचवणं, एवढंच माझं काम होतं.

सिंदेवाहीपर्यंत बंडीनं

बंडी लच्चू मडावीची. लच्चूचं वावर माझ्या बांधाला लागून. जातीनं गोंड, वयानं माझ्याहून थोडा लहान, तोंडानं माझ्याहून फटकळ. टोल्यातल्या घराघरातून वानोळा आला होता: चिन्नोरचे तांदूळ, चारोळी, वाळलेली मोहफुलं, बाळंतिणीच्या लाडवांसाठी धावड्याचा डिंक. सगळं पोत्यात भरून मागे टाकलं. गोधडीचं गाठोडं मी मांडीवर घेतलं.

"भाऊ, विमानाले बैल कुठी जुपतात?" लच्चूनं गाव सोडल्याबरोबर सुरू केलं.

"बैल नसतात बे. इंजन असते."

"मंग फसलं तं ढकलते कोन?"

"वर कुठी चिखल असते?"

"पाणी तं वरूनच येते ना, बापा."

मग त्यानं मला त्याच्या आजाचं मोजमाप सांगितलं. जुनी गोंड माणसं वाटेला लागताना झाडाची एक डहाळी तोडून हातात धरायची. चालता चालता पानं कोमेजली की झाला एक कोस. मग दुसरी डहाळी. उन्हाळ्यात कोस लहान, पावसाळ्यात लांबलचक.

"असा कोस कोणाच्या कामाचा?" मी म्हणालो. "रोज बदलते."

"चालनाऱ्याचे पायबी रोज बदलतात, भाऊ. तू एक डहाळी घेऊन जाजो. हैदराबाद किती कोस हाये, मले येऊन सांगजो."

नाल्याच्या अलीकडे मोहाचं मोठं झाड आहे. तिथं लच्चूनं बैल उभे केले. कासरा गुडघ्यावर ठेवून बसला. मार्गशीर्षात याच बंडीतून आम्ही बुढीला दवाखान्यात नेत होतो. इथं तिनं पाणी मागितलं. मी लोटा घेऊन नाल्यात उतरलो आणि वर आलो तेव्हा पाणी पिणारं कोणी नव्हतं. लच्चू तिच्यासाठी थांबला होता. मला रडू आवरेना आणि लच्चूसमोर रडायची लाज वाटली, म्हणून मी खेकसलो, "हाक ना! गाडी चुकवतं का माही?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "हाकतो," म्हणाला. सिंदेवाही येईपर्यंत मग तो बैलांशीच बोलला. टेसनावर पोतं उतरवून दिलं, चहाही न घेता बंडी वळवली.

छोटी गाडी आणि नागपूर

सिंदेवाहीहून छोट्या लाइनची गाडी. नागभीडला गाडी बदलली आणि भजी खाल्ली. त्यापलीकडे त्या गाडीबद्दल सांगण्यासारखं एवढंच की रुळाच्या कडेनं एक पोरगा सायकल मारत होता आणि चढावर तो आमच्या पुढे गेला.

डब्यात एक तेली बसला होता. मी विमानानं जाणार ऐकल्यावर तो सरकून बसला आणि बायकोला म्हणाला, "पाय वं, हे बाबाजी विमानात बसनार हायेत." ती बाई माझ्या पाया पडली. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. तेव्हापासून माझं डोकं बिघडलं.

नागपुरात धर्मशाळेत उतरलो. तिथल्या एका शहाण्यानं माझं पोतं आणि गाठोडं पाहिलं आणि म्हणाला, "असे जाणार विमानात? तिथं सगळे साहेब लोक. हसतील तुम्हाला." मी इतवारी बाजारात जाऊन पत्र्याची पेटी घेतली. हिरवी, वर लाल गुलाब काढलेले, कडीला पितळी कुलूप. पोत्यातला वानोळा तिच्यात ओतला. गोधडी काही मावली नाही. चारोळी बाहेर काढली असती तर मावली असती. पण गोधडी हातात धरता येते, चारोळी येत नाही, असं मी माझं मलाच सांगितलं.

काटा

विमानाचा अड्डा म्हणजे शहराबाहेर मोठं मोकळं वावर, मधून डांबरी पट्टा, कडेला एक बसकी इमारत. दारापाशी कडुलिंब होता. त्याची एक डहाळी तोडून मी पागोट्यात खोवली. लच्चूची आठवण झाली म्हणून.

आत आधी सामान तोलतात, मग माणूस तोलतात. आमच्याकडे धान तोलतात, रानातली लाख तोलतात, पण माणसाला काट्यावर उभं केलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. साहेब लोक एकेक करून चढत होते, हसत उतरत होते. माझी पाळी आली. मी चपला काढून चढलो. देवळासारखं वाटलं म्हणून काढल्या. मागे कोणी तरी खुदकन हसलं.

काट्यावरचा बाबू भला माणूस होता. "बाबाजी, आप तो हलके हैं, पेटी भारी है. इसमें से कुछ कम करना पडेगा." मग माझ्या काखेकडे बोट दाखवलं. "और वो क्या है?"

मी गाठोडं पुढे केलं. त्यानं टेबलावर ठेवून गाठ सोडली आणि गोधडी पसरली.

घरात ती वेगळी दिसायची. इथं सुटाबुटातल्या माणसांमध्ये, त्या चकचकीत टेबलावर, ती चिंध्यांची चिंधी दिसली. हिरवं विटलेलं लुगडं, काळ्या चौकड्याचं लुगडं, मधे माझ्या फाटक्या धोतराचा तुकडा, एका कोपऱ्यात पागोट्याचा. चुलीच्या धुराचा आणि करंजीच्या तेलाचा वास सुटला. पायात पांढरे मोजे घातलेली एक लहान पोरगी हात लावायला पुढे आली. तिच्या मायनं तिला मागे ओढलं. "छूना मत, बेटा."

बाबूनं विचारलं, "ये भी ले जाना है?"

मी म्हणालो, "नाई साहेब. चिंध्या हाये त्या. सामान बांधाले आनल्या होत्या."

"पक्का? इसका तो कुछ वजन ही नहीं है. पेटी में से थोडा चावल निकाल दो, बस हो जायेगा."

तो मला वाट काढून देत होता. मी नुसती मान हलवली असती तरी झालं असतं. पण एकदा सगळ्यांसमोर चिंध्या म्हटलं होतं. आता ते तोंडात परत कसं घ्यायचं? मी पेटी उघडली, तांदूळ काढले, आणि कोपऱ्यात एक बाई फरशी पुसत होती तिच्या पदरात ओतले. वर गोधडी ठेवली.

"हे पोछा कराले होईल तुले," मी म्हणालो.

ती बाई वर्ध्याकडची असावी. तिनं बोटानं टाके चाचपले. "बाबाजी, हे तं लेकराची गोधडी दिसते. हातची शिवलेली हाये."

"तुले देली ना? मंग घे."

"कोनं शिवली जी?"

मी चपला घातल्या आणि गुलाबाच्या पेटीमागे जाऊन उभा राहिलो.

वर

विमान म्हणजे दोन पंख्यांची, शेपूट जमिनीला टेकलेली, नाक वर केलेली गाय. आत चढ चढून जागेवर जावं लागते. साडी नेसलेली एक पोर ताट घेऊन आली. ताटात लिमलेटच्या गोळ्या आणि कापूस. मला वाटलं अत्तराचा फाया आहे. मी हुंगून कानाच्या पाळीवर ठेवला. शेजारच्या मारवाड्यानं समजावलं, "दादा, कान में ठूंसो. आवाज बहुत होती है." आवाज खरंच इतका होता की दातांना मुंग्या आल्या.

जमीन सुटली तेव्हा मी खुर्चीचा दांडा घट्ट धरला, पण काहीच झालं नाही. बंडी दगडावरून जाताना हादरते तेवढंही विमान हादरलं नाही. खिडकीतून पाहिलं तर झाडांची कोथिंबीर झाली होती. मारवाड्याला वाटेची सवय होती. "ये वर्धा नदी. उधर दूर, बायें हाथ, आपका चांदा." मी डाव्या हाताला, आमच्या चांदा जिल्ह्याकडे पाहिलं. धुकट रान, त्यात आरशाच्या फुटक्या तुकड्यांसारखे तलाव. त्यापलीकडे कुठंतरी सिंदेवाही, आमचा टोला, नाल्याजवळचं मोहाचं झाड. मी काचेवर अंगठा ठेवला. अंगठ्याखाली सगळं झाकलं गेलं. ज्या वाटेवर बुढीला दवाखाना गाठता आला नाही ती वाट माझ्या नखाएवढी होती.

मला वाटलं, ती शेजारी असती तर म्हणाली असती, "एवढ्याशासाठी मेली का जी मी?" तिची तशीच बोलायची रीत. आणि तिनं लगेच दुसरं विचारलं असतं, गोधडी कुठी हाये म्हणून. मी काचेवरचा अंगठा काढला, डोळे मिटले. मारवाड्याला वाटलं घाबरलो. त्यानं माझा हात धरला. मी धरू दिला.

वेळ सांगतो, कारण सगळे तेच विचारतात. दोन तासांच्या आसपास. मी दुसरी गोळी चघळत होतो तेव्हा खाली हैदराबादचे खडक दिसायला लागले. खडकावर खडक, कोणी पोरानं रचून ठेवल्यासारखे. उतरल्यावर पागोट्यातली डहाळी काढून पाहिली. पानं हिरवीगार, टोकंसुद्धा वळली नव्हती. लच्चूच्या मापानं नागपूर ते हैदराबाद एक कोसही भरत नाही.

हैदराबाद

नामदेव खाकी कपड्यात, तेलकट हातांनी घ्यायला आला. दुरूनच पाया पडला, हात लागू नयेत म्हणून. त्याची खोली अड्ड्याजवळच, मिस्त्री लोकांच्या चाळीत. समोर ओटा, ओट्यासमोरून रस्ता, रस्त्यानं अख्खा अड्डा ये-जा करतो.

गिरिजा दारात उभी होती. पोट पुढे आलेलं, तोंड मायसारखं झालेलं. मायच्या मरणानंतर आम्ही पहिल्यांदा भेटत होतो. रडून झाल्यावर तिनं पाणी दिलं. आमच्याकडे पोरीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्न बाप खात नाही, पाणी तेवढं घेतो. जेवण शेजारच्या नरसम्माकडे सांगितलं होतं. नरसम्माचं माहेर सिरोंचाकडचं, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातलं. ती तेलुगू बोलते आणि मधेच मराठी शब्द फेकते. चिंचेचं सार आणि भात वाढला. सार इतकं तिखट की माझ्या कानातून विमान पुन्हा निघालं. "कारम?" तिखट लागलं का म्हणून ती हसली. मग ताकाचा अख्खा लोटा माझ्यापुढे ठेवला.

जेवून आलो तर गिरिजा पेटी उघडून बसली होती. डिंक बाहेर काढला, चारोळी काढली, मोहफुलांचा वास घेतला. तळ लागला तरी तिचा हात फिरतच होता.

"बाबा, गोधडी?"

"कोनती?"

"कोनती म्हनता? मायनं दिवाळीत निरोप धाडला होता, लेकराची गोधडी शिवून राह्यली म्हनून."

मी म्हणालो, "विमानवाल्यानं ठेवून घेतली. वजन होत होतं म्हने."

तोंडातून सरळ निघून गेलं. गिरिजेनं पेटीचं झाकण लावलं. पण नामदेव उठला.

"काऊन ठेवली? गोधडीले का वजन असते, मामाजी? पेटी येऊ देली आन् गोधडी ठेवली? कोन होता बाबू?"

"जाऊ द्या जवाईबापू. कायद्याची मानसं हायेत ते."

"असा कोनता कायदा? मी रोज त्याइचे चाकं बसवतो. आता विमान परत नागपूरले चाललं. चालवनारा साहेब मह्या ओळखीचा हाये. सांगून देतो. उद्याच्या विमानानं गोधडी इथी."

"उद्या?"

"उद्या. दोन तासाची तं गोष्ट हाये."

मी त्याच्यामागे ओट्यापर्यंत गेलो, "राहू द्या, राहू द्या," म्हणत. तो सायकलवर बसून गेलासुद्धा. गिरिजेचं तोंड मात्र उजळलं. "येईल ना उद्या, बाबा?" ती म्हणाली. मी हो म्हणालो.

आमच्या टोल्यात एखादा खोटं बोलला तर ते दुसऱ्या गावी पोचायला निदान बाजारचा दिवस यावा लागतो. तोवर माणूस सावरून घेतो, काही जोडतो, काही विसरवतो. इथं मला तेवढीही मुदत नव्हती. आपल्या खोट्याला आणि आपल्याला एकच वाहन मिळेल हे मला नागपुरात कळायला हवं होतं.

दुसरं विमान

दुसऱ्या दिवशी दुपारी पंख्यांचा आवाज आला. गिरिजा पोट सांभाळत ओट्यावर आली. मी आत पेटीला टेकून बसलो. माझी एकच इच्छा होती, ती लिहायलाही लाज वाटते. त्या बाईनं गोधडी फाडून पोछा केलेला असावा. मग सापडली नाही एवढाच निरोप येईल आणि मी सुटेन.

नामदेव आला. हातात कागदात बांधलेलं पुडकं. ते त्यानं गिरिजेच्या हातात दिलं, माझ्याकडे पाहिलं नाही, आणि नळावर हात धुवायला गेला. साबण लावून लावून हात धूत राहिला.

"कोनी ठेवली होती?" गिरिजेनं विचारलं.

"बाबाले इचार," तो नळावरूनच म्हणाला.

मग कळलं ते असं. नागपूरच्या बाबूनं चालवणाऱ्या साहेबाला सगळं सांगून पाठवलं होतं. आम्ही ठेवून घेतली नाही, बाबाजीनं स्वतः चिंध्या म्हणून टाकली. त्या बाईनं ती वापरली नव्हती. धुऊन, वाळवून, कागदात बांधून ठेवली होती. तांदूळ तेवढे तिनं रांधले होते, आणि बाळंतिणीला माझा आशीर्वाद सांगा म्हणून निरोप धाडला होता.

गिरिजा माझ्याकडे पाहत होती. मी सांगितलं. काट्यापासून सगळं. साहेब लोक, पांढऱ्या मोज्यांची पोरगी, चपला काढल्या तेही. पोछ्याचं सांगताना मी हळू बोलायला लागलो, तेव्हा ती म्हणाली, "मोठ्यानं बोला. मले ऐकाचं हाये." मी मोठ्यानं बोललो. चाळीतल्या भिंती पातळ असतात. नरसम्माकडचा भांड्यांचा आवाज थांबला.

"मायले कुठी लाजत होते का तुमी?" गिरिजेनं विचारलं. "तिच्या जितेपनी?"

"नाई वं. कधीच नाई."

"मंग तिच्या हातच्या कामाले काऊन लाजले?"

माझ्याजवळ पेटी होती, लोक पाया पडले होते, मला वाटलं मी विमानातला माणूस झालो. यापलीकडे काही नाही. बुढी जाऊन चार महिने झाले नव्हते आणि मी तिला टेबलावर ठेवून ओळख नाकारली होती.

गिरिजेनं पुडकं सोडलं. धुराचा वास गेला होता, साबणाचा येत होता. मायच्या त्या धुराच्या वासासाठी तिनं नाक खुपसलं होतं. मग तिनं गोधडी फिरवून फिरवून पाहिली. तीन बाजूंना बारीक टाके, एकासारखे एक. चौथी बाजू अर्धीच शिवलेली. तिथं बुढीचा दोरा संपला नव्हता, बुढी संपली होती. सैल दोरा लोंबत होता, आणि सुई त्या बाईनं धुताना काढून पुन्हा त्याच जागी टोचून ठेवली होती.

गिरिजेनं सुई काढून माझ्यापुढे धरली.

"हे कड तुमी शिवा."

"मले पोते शिवता येतात, बाई. हे नाई येत."

"मंग पोत्यासारखी शिवा. मले वाकता येत नाई आता."

मी पेटीजवळच बसायला लागलो.

"इथी अंधार हाये," ती म्हणाली. "ओट्यावर बसा."

ओटा

ओट्यावर बसलो. अड्ड्यावरची पाळी सुटायची वेळ होती. खाकी कपड्यातले मिस्त्री, टोपीवाले बाबू, एक-दोन बुटातले साहेब, सगळे समोरून जात होते. पागोटं घातलेला बुढा मांडीवर चिंध्या घेऊन शिवतो आहे, हे पाहून पाय रेंगाळत होते. सुई बोटांत धरवत नव्हती. धानाच्या पोत्याला दाभण लागते, ती मुठीत धरायची असते.

नरसम्मा पाखडायचं सूप घेऊन समोर येऊन बसली. गोधडीला हात लावला. "बोंत," म्हणाली. त्यांच्याकडे गोधडीला बोंत म्हणतात. मग गिरिजेच्या पोटाकडे बोट केलं आणि विचारलं, "अम्मम्मा?" म्हणजे मायची माय. मी मान हलवली. तिनं दोन्ही हात गोधडीवर ठेवून डोळ्यांना लावले. तिला सगळं ऐकू गेलं होतं, तरी लावले.

नामदेवाच्या सोबतच्या एका मिस्त्रीनं सायकल थांबवली. "क्या सी रहे हो, बाबा?"

"गोधडी हाये. माह्या बायकोनं शिवली. मी तिले चिंधी म्हनलं होतं, म्हनून शिवून राह्यलो."

त्याला मराठी किती कळलं कोण जाणे. सलाम करून गेला. त्यानंतर ज्यानं विचारलं त्याला मी हेच सांगितलं. सांगून हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही. दरवेळी तेवढीच लाज वाटली. पण टाके पुढे सरकत होते. अंधार पडायच्या आत कड पुरी झाली.

त्यानंतर चौथ्या की पाचव्या दिवशी गिरिजेला मुलगी झाली. सुईण नरसम्माच्याच ओळखीची होती. तिनं गोधडीत गुंडाळून नात माझ्या हातात दिली. काळी, केसाळ, डोळे घट्ट मिटलेली. रडली तर बुढीसारखा आवाज, काम सांगताना असायचा तसा. त्या दिवशी मी पोरीच्या घरी पहिल्यांदा जेवलो. डिंकाचे लाडूही मीच वळले. एकही गोल झाला नाही.

आठ दिवसांनी निघायचं ठरलं. नामदेव विमानाच्या जागेचं बोलला. मी म्हणालो आगगाडीनं जातो. नागपूरच्या त्या बाईला भेटायचं होतं, पण त्या काट्यासमोर लगेच उभं राहायची छाती नव्हती. पुढल्या महिन्यात तांदूळ घेऊन जाणार आहे.

निघायच्या सकाळी गिरिजा लेकराला घेऊन ओट्यावर उन्हात बसली होती. शेजारणी जमल्या होत्या. त्या उजेडात मला माझे टाके दिसले. बुढीचे टाके मुंगीच्या रांगेसारखे, माझे बैलाच्या झुलीवर मारतात तसे, एक इकडे, एक तिकडे, मधे गाठ.

"गिरिजा, आन ते इकडं," मी हळूच म्हणालो. "कड उसवून सारखी करून देतो. बाया पाहून राह्यल्या."

तिनं लेकरू दुसऱ्या खांद्यावर घेतलं. माझी कड आत दुमडलेली होती, ती तिनं ओढून वर काढली आणि सगळ्यांसमोर लेकराच्या गळ्याशी नीट बसवली.

"राहू द्या," ती म्हणाली. "दिसू द्या लोकाईले."